डिझेल भरण्यापुरतं

"आवाज बदलला," इब्राहीमचाचा म्हणाले आणि हातातला चहाचा कप पायरीवर ठेवून उठले. "टाकी तळाला आली बघ. नळी बदल, बाय."

मी आत गेले. बाबांच्या नाकातल्या नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनमधून काढलं, खाटेशेजारच्या सिलिंडरला लावलं, चावी फिरवली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. हात दिसला तसा चाचांनी पडवीतल्या जनरेटरचा दांडा ओढला. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं.

दर वेळी तसंच व्हायचं. कानांवर बसलेलं काहीतरी जड उठून जायचं. मग समुद्र ऐकू यायचा, वाडीत कुठे कुठे पत्रे ठोकणाऱ्या हातोड्या ऐकू यायच्या, आणि बाबा बोलायला लागायचे.

"तर आम्ही जाफराबादच्या समोर होतो," ते म्हणाले. "वारा पडलेला. पाणी कसं, तेल ओतल्यासारखं. हूं म्हण ना गो."

"हूं," मी म्हटलं. माझी नजर सिलिंडरच्या काट्यावर होती.

वादळाला आठवडा होऊन गेला होता. आमच्या बंदरावरचे विजेचे खांब एकजात आडवे झाले होते. वायरमन एकदा येऊन पाहून गेला आणि कधी होईल ते विचारू नका म्हणाला. बाबांची फुफ्फुसं दोन वर्षांपासून घट्ट होत चालली होती. ट्रॉलरच्या इंजिनघरात धूर खात आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं कारण काय सांगायचं, असं तालुक्याचे डॉक्टर म्हणाले होते. यातून बरं होणं नव्हतंच. हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं ते मशीन चालू असेपर्यंत बाबा असणार होते, आणि वीज असेपर्यंत मशीन. मी पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दोन दिवसांची रजा काढून त्यांना भेटायला आले होते, ती तिथेच अडकले. फोन लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इथे आमचंच जनरेटरवर चाललंय. घाटात झाडं पडलेली. वाटेत काही झालं तर काय कराल? घरीच ठेवा."

जनरेटर गावातल्या मंडपवाल्याने दिला. लग्नं पुढे गेली होती, त्यामुळे त्याला तो लागत नव्हता. घराच्या मागच्या अर्ध्या भागावरची कौलं उडाली होती आणि मंडपवाल्याची केबल आखूड, म्हणून जनरेटर पडवीत, बाबांच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवावा लागला. धूर बाहेर जावा म्हणून चाचांनी सायलेन्सरला पत्र्याची लांब नळी जोडली. आवाजाला काही उपाय नव्हता. मंडपवाल्याची अट एकच: चालू इंजिनावर डिझेल ओतायचं नाही. त्याची छोटी टाकी इंजिनाच्या डोक्यावरच होती, तापलेल्या सायलेन्सरला चिकटून. एका हळदीच्या कार्यक्रमात ओतताना सांडलं आणि भडका उडून त्याच्या भावाचा हात भाजला होता. म्हणून टाकी संपत आली की इंजिन बंद करायचं, निवू द्यायचं, फडक्यातून गाळून डिझेल भरायचं, हँडल मारून परत चालू करायचं. तेवढा वेळ बाबा सिलिंडरवर. सिलिंडर एकच होता. तो भरून देणारा तालुक्याला, आणि त्याच्याकडेही वीज नव्हती. दर वेळी काटा थोडा थोडा लाल पट्ट्याकडे सरकायचा. तो टेकला की पुढच्या वेळी इंजिन बंद करता येणार नव्हतं, आणि बंद केल्याशिवाय डिझेल भरता येणार नव्हतं. हे आम्हा तिघांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

इब्राहीम होडेकर हे बाबांच्या बोटीचे तांडेल. ते वर सुकाणूवर, बाबा खाली इंजिनावर ड्रायव्हर, असा दोघांचा जन्म गेला. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. मालकाला सांगून चाचा बोटीच्या टाकीत उरलेलं डिझेल कॅनमधून काढून आणत. वरच्या टाकीची कल्पना त्यांचीच.

"बोटीवर असते तशी करू," इंजिन निवत असताना ते खिडकीतून म्हणाले. "पडवीच्या बाहेर चौथरा रचतो. त्यावर पिंप. पिंपातून नळी खाली इंजिनाला. इंजिन चाललंय तर चालू दे, आपण बाहेरच्या बाहेर पिंपात ओतत राहायचं. बंद करायचं कामच नाय."

मला इतकं हायसं वाटलं की मी खाटेच्या कडेवर बसले. "हे आधी का नाही सुचलं?"

"पिंप कुठलं?" बाबांनी विचारलं.

"माशाच्या तेलाचं हाय मजजवळ. धुतलेलं."

"नको. कितीही धू, तळाला चिकट राहतं. फिल्टर बसेल." बाबांनी दम घेतला. "मग चालत्या इंजिनात फिल्टर बदलशील काय, तांडेला?"

चाचा हसले. "बघ. अजून माझ्यावर ओरडतोय. पंचवीस वर्षं हेच."

"तू बोट खडकावर घालायचास, मी ओरडायचो."

"एकदा घातली. एकदाच!"

मग चाचा डिझेल गाळायला वळले आणि बाबा माझ्याकडे. "तर इंजेक्टरची नळी तडकली. दोन नंबरची. डिझेलची धार कशी उडते ठाऊक हाय? सुईसारखी. कातडीतून आत जाते. मी काय केलं असेल?"

"काय केलं?"

"अंगाचा साबण घेतला. दाबून बसवला. वरून फडकं, वरून सुतळी." ते थांबले. छाती खाली-वर होत होती. "भंडारी पाठवला होता ना आंघोळीला, तो वर उभा राहून शिव्या देतोय. साबण कुठाय म्हणून."

भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. मला हसू आलं, पण पुढचं ऐकायच्या आत इंजिन सुरू झालं.

माझे वडील इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. नंतर आत्याने वाढवलं. बाबा समुद्रावरून यायचे, आंघोळ करून झोपायचे, उठले की जाळी किंवा इंजिनाचा कुठला तरी भाग घेऊन अंगणात बसायचे आणि परत जायचे. फोनवर आमचं बोलणं "जेवलीस?" आणि "जेवले" एवढंच. आता मात्र इंजिन बंद पडायचा अवकाश, ते मागच्या वेळी जिथे थांबले होते नेमकं तिथून सुरू करायचे. इंजिन चालू असताना त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नसे. ओरडायला त्यांच्याकडे हवा नव्हती. एकदा मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. भिंतीपलीकडच्या धडधडीत नुसता श्वास ऐकू आला. पुढच्या वेळी शांत झाल्यावर ते म्हणाले, "कानात काय बोलायचं? मी काय मंत्र देतोय तुला?"

गोष्ट कुठे चालली आहे ते पहिल्या पाच पानांत मला कळतं, असा तोपर्यंत माझा समज होता. ही मला कुठेच जाताना दिसत नव्हती. साबण, सुतळी, भंडाऱ्याने जाळलेल्या भाकऱ्या, वेरावळच्या बोटवाल्यांशी झालेलं भांडण. मी हूं म्हणत होते आणि काटा बघत होते.

चाचांनी दुसरं पिंप मिळवलं, पेट्रोलपंपावरचं, आत गुळगुळीत. दगड रचून चौथरा केला. मग बाबांनी नळी दाखवायला सांगितली.

"ही बागेची हाय," ते बोटांनी चाचपून म्हणाले. "डिझेलने फुगते. चार दिवसांत लिबलिबीत होईल."

"चार दिवसच हवेत, बाबा," मी म्हटलं. "तोपर्यंत वीज येईल."

"सांगितलं कोणी? वायरमनने? त्याच्या बापाने तरी खांब उभा केलेला काय?"

चाचा बोटीवर जाऊन काळी रबरी नळी काढून घेऊन आले. तोपर्यंत डिझेलसाठी दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा बाबांनी परतीच्या नळीचं काढलं. इंजिन जेवढं डिझेल ओढतं तेवढं सगळं जाळत नाही, उरलेलं एका बारीक नळीने टाकीत परत पाठवतं.

"ती नळी मंडपवाल्याच्या छोट्या टाकीत सोडलेली हाय. ती तशीच ठेवलीत तर छोटी टाकी भरून वाहणार. खाली सायलेन्सर. तीपण वर पिंपात न्यायला हवी. नळी हाय तेवढी?"

नव्हती. मला एकदम राग आला. "बाबा, तुम्हाला हे करायचंय की नाही?"

"घाई कसली एवढी?"

"काटा बघा जरा."

"तो काटा मी तुझ्या आधीपासून बघतोय." ते शांतपणे म्हणाले. "बस. इंजिन निवू दे. तर साबण धरला होता, पण वेग वाढवला की सुटायचा. म्हणून हळूहळूच चाललेलो आम्ही…"

"बाबा, नंतर. मी चाचांना नळी कुठे मिळते ते विचारते."

मी बाहेर गेले. नळी वाडीतल्या एका मोडलेल्या ट्रॅक्टरची मिळाली.

दुपारी सगळं तयार झालं. काटा लाल पट्ट्यात शिरला होता. जोडण्या करायला इंजिन बंद ठेवावं लागणार होतं, नेहमीपेक्षा थोडं जास्त. चाचा म्हणाले, "हे शेवटचं बंद." मी नळी बदलली, हात बाहेर काढला, इंजिन थांबलं.

बाबा लगेच बोलायला लागले. भराभर, मधेच दम तुटत. "ऐक. साबण लावून इंजिन चाललेलं. मी त्यावर हात ठेवून बसलेलो. उठायची सोय नाय. तेवढ्यात तांडेल खाली आला. तो कधी खाली यायचा नाय. शिडीवरून वाकला."

"सावकाश, बाबा. दम घ्या."

"सावकाश नाय. ऐक. वायरलेसवर काहीतरी…"

बाहेर चाचांनी नळीतली हवा काढली, डिझेल बुडबुडत खाली आलं, आणि त्यांनी हँडल मारलं. एका फटक्यात चालू झालं. भिंत थरथरली. बाबांचे ओठ हलत होते. मी सिलिंडरची नळी मशीनला लावली, मशीनवरचा हिरवा दिवा लागला, आणि मी दोन्ही हात वर करून त्यांना दाखवलं: झालं! ते अजून क्षणभर बोलत होते. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मी चाचांबरोबर विहिरीपर्यंत गेले. तिथे आवाज जरा कमी येई. आम्ही दोघंही डिझेलने माखलो होतो. इंजिन एकसारखं चाललं होतं. कुठे अडखळणं नाही, काही नाही. मी म्हटलं, "बाबांनी उगाच तीन दिवस घालवले. पिंप नको, नळी नको."

"उगाच नाय. प्रत्येक गोष्ट बरोबर बोलला तो." चाचा हात साबणाने चोळत होते. "पण बोटीवर आम्ही तेलाच्या पिंपावर महिनाभर इंजिन चालवलंय. तेव्हा काय बोलला नाय."

"मग आता का?"

"ड्रायव्हर हाय तो. इंजिन चालू असताना तोंड उघडत नाय. बंदरात इंजिन बंद केलं की मग जी बडबड सुरू व्हायची… सगळ्या ट्रिपची एकदम. आम्ही पळून जायचो." ते हसले. "तुला काय सांगत होता एवढं?"

"जाफराबादची ट्रिप. इंजेक्टरची नळी तडकली, साबण लावला, ती."

चाचांचे हात थांबले. साबणाचा फेस कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांनी पाणी घेतलं नाही.

"कुठपर्यंत आला होता?"

"तुम्ही शिडीवरून वाकलात. वायरलेसवर काहीतरी."

त्यांनी एकदा घराकडे पाहिलं. मग विहिरीच्या कठड्यावर बसले.

"तुझी आई गेली ती ट्रिप," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"दुसऱ्या बोटीने वायरलेसवर निरोप दिला. दत्ताची बायको सिरियस हाय, परत या. मी खाली गेलो. इंजिनघरात कसा आवाज असतो तुला काय सांगू, हे तर खेळणं हाय. मी वाकून त्याच्या कानाशी ओरडलो. त्याने मान हलवली. हाताने खूण केली, ठीक हाय. मी वर आलो. वाटलं, आता साबणाचं सोडून वर येईल, म्हणेल, तांडेला, बोट फिरव. नाय आला. मी थांबलो. मग वाटलं, त्याने ठरवलं असेल. मालकाचा माणूसपण होता बोटीवर, जाळं टाका म्हणून मागे लागलेला. आम्ही दोनदा जाळं टाकलं आणि मग फिरलो."

"आणि बाबा?"

"बंदरात लागलो तेव्हा तुझी आत्या धक्क्यावर उभी होती. तिला बघून तो माझ्याकडे वळला. कसं बघितलं त्याने… ते काय होतं, मला आजपर्यंत कळलं नाय. त्याला ऐकू आलं होतं आणि तो आला नाय, की ऐकूच आलं नव्हतं? इंजिनघरात माणूस न ऐकताही मान हलवतो, बाय. सवय असते. तांडेल आला म्हणजे काहीतरी सांगतोय, बोट चालू हाय म्हणजे ठीक हाय."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाय. त्यानेपण नाय. त्यानंतर वीस वर्षं एका बोटीवर होतो."

मी परत आत गेले. बाबा जागे होते, दाराकडेच बघत होते. मी जवळ जाताच त्यांनी पंजा पालथा केला आणि हवेत दोनदा खाली दाबला. ही खूण मला कोणी शिकवलेली नव्हती, पण समजावून सांगावी लागली नाही. बंद कर.

मी कान त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी प्रयत्न केला. ऊन श्वास गालाला लागला, मग खोकला आला आणि ओठ निळसर झाले. मी मागे झाले. त्यांनी पुन्हा पंजा पालथा केला.

मी सिलिंडर ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर आणला आणि काट्यावर बोट ठेवलं. शेवटच्या थांब्याने तो तळाशी नेऊन ठेवला होता. बाबांनी मान उचलून तो नीट वाचला. आयुष्यभर काटे वाचलेला माणूस. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, इंजिनाचे फेरे. काट्याशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता. त्यांचा हात हळूहळू चादरीवर आला.

मी खुणेने सांगितलं: सिलिंडर आला की बंद करू. मग बोला. एका मोटारसायकलवाल्याला मी त्याच संध्याकाळी रिकामा सिलिंडर देऊन तालुक्याला पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी तोच रिकामा सिलिंडर घेऊन परत आला. मी कागद-पेन्सिल दिली. त्यांनी पेन्सिल हातात धरली, कागदाकडे पाहिलं आणि पेन्सिल माझ्या मुठीत परत ठेवून मूठ मिटली. सही करण्यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं.

वरची टाकी उत्तम चालली. चाचा पिंप भरत राहिले. मी खाटेजवळ बसत होते, त्यांचा हात हातात घेऊन. त्या आवाजात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी विचारू शकत होते. माझ्याकडे ओरडायला हवा होती. तुम्हाला ऐकू आलं होतं का, बाबा? त्यांनी मान हलवली असती. हो म्हणून किंवा नाही म्हणून. पण त्या आवाजात हललेल्या मानेचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी, दुपारी, मी त्यांच्यासाठी पेज गाळत होते. परत आले तेव्हा मशीन चालू होतं, हिरवा दिवा होता, नळी नाकात होती. हात गार होता. मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. आवाजच आवाज होता. छातीवर हात ठेवला. नक्की कळायला वेळ लागला, कारण खाट, भिंत, सगळंच थरथरत होतं.

मी बाहेर गेले. चाचा चौथऱ्याजवळ कॅन टेकवून उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी कॅन खाली ठेवला. मी पिंपाखालची चावी फिरवून बंद केली.

"अशी नको," ते माझ्या कानाशी ओरडले. "दांडा ओढ. असं उपाशी मारलंस तर हवा धरतं इंजिन. दत्ता ओरडला असता."

"धरू दे," मी म्हटलं. त्यांना ऐकू आलं की नाही, माहीत नाही. त्यांनी मान हलवली.

नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालत राहिलं. आम्ही दोघं पडवीत उभे होतो. मग ते अडखळलं, एकदा सावरलं, पुन्हा अडखळलं आणि थांबलं. दूर कुठेतरी पत्रा ठोकणारी हातोडी चालू होती. तीही थांबली. वाडीतलं काही बोलणं कानावर आलं, मग तेही नाही.

सुगंधाकाकी, आमच्या शेजारच्या, पदराला हात पुसत पायरीशी आल्या. त्यांच्या मागे अंगणाच्या दगडी गडग्याजवळ आणखी दोघीतिघी. मी काही सांगितलं नव्हतं. चाचांनीही नाही.

"आवाज बंद झाला म्हणून आले गो," काकी म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.